खिंडीतला पहारा आणि चावडीपुढची कढी

फार वर्षांपूर्वी, नेमकी किती ते मलाही कुणी सांगितलं नाही, एका डोंगरमाथ्यावर एक चिमुकलं राज्य होतं. तिथे राजा नव्हता. दर सात वर्षांनी लोक आपल्यातूनच एक नायक निवडत, आणि त्या निवडीची रीत मोठी गमतीची होती.

ज्याला नायक व्हायचं असेल, त्याने चावडीपुढच्या चुलाणावर हंडाभर कढी ढवळायची. तो ढवळत असताना कुणीही उठून त्याला काहीही विचारावं, त्याचे दोष तोंडावर सांगावेत. कढीचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. हात थांबला की ती फुटते, आणि रागाने ढवळली की अंगावर उडते. उकळी येईपर्यंत जो न थांबता ढवळेल आणि उत्तरंही देईल, तो नायक. शिवाय कढी जशी होईल तशी सगळ्या गावाने प्यायची. फुटली तरी! त्यामुळे लहान पोरंसुद्धा कान टवकारून बसत.

हंडा सांभाळायची ठकूमावशी. ताक तिचं, चुलाण तिचं, जाळ कमीजास्त करायचा तोही तिनेच. मावशी अंगाने किडकिडीत होती, पण तिच्यापुढे गावचे पैलवानही हळू आवाजात बोलत.

एका वर्षी पलीकडच्या राजाने चढाई केली आणि डोंगराच्या पायथ्याशी तळ ठोकला. वर यायला एकच खिंड. त्या खिंडीत चाळीस जवान पहाऱ्याला उभे होते, आणि त्या चाळिसांत मावशीचा एकुलता एक लेक होता. नेमके त्याच वेळी जुन्या नायकाने हात टेकले. "माझे गुडघे आता लढाईच्या कामाचे राहिले नाहीत. नवा नायक निवडा," तो म्हणाला.

निवडायचं कुणाला, हा प्रश्नच नव्हता. गावात एक सरदार होता. छाती भरदार, मिशा झुबकेदार, आणि आवाज असा की दोन टेकड्यांपलीकडची गुरं माना वर करत. तो शूर होता हे अगदी खरं.

हंडा पाहून सरदार हसला. "शत्रू दाराशी उभा आहे आणि मी काय कढी ढवळत बसू?"

"बरोबर आहे!" एक विणकर ओरडला. "लढाईत आपल्याच माणसाचे दोष काढायचे म्हणजे शत्रूला मदत करायची."

"वा रे शहाण्या!" लोहार उठला. "बैल घेताना चारदा दात बघतोस. आणि ज्याच्या हाती चाळीस पोरांचा जीव द्यायचा, त्याला बघायचं नाही?"

झालं, चावडीवर गदारोळ उसळला. निम्मे म्हणाले ढवळू दे, निम्मे म्हणाले वेळ नाही. शेवटी ठकूमावशीने पळी हंड्यावर दाणकन आपटली.

"माझा लेक खिंडीत उभा आहे," ती म्हणाली. "त्याने कुणाचा हुकूम मानायचा, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. सरदार, ही घ्या पळी."

सरदाराने पळी घेतली.

मावशी जाळ घालायला खाली बसली, तसा सरदाराचा मेहुणा तिच्या शेजारी येऊन टेकला. "मावशी, जाळ जरा मंद ठेवा," तो पुटपुटला. "कढी फुटली नाही म्हणजे झालं. उद्याच तुमच्या लेकाला खिंडीतून घरी आणतो. दुसऱ्या कुणाला तरी तिथे उभं करू."

चार दिवस मावशीला घास गोड लागला नव्हता. एक लाकूड मागे ओढलं की लेक घरी! तिचा हात लाकडाकडे गेलासुद्धा. मग तिच्या मनात आलं, दुसऱ्या कुणाला तरी म्हणजे कुणाला? त्यालाही आई असेलच की. आणि या माणसाचा हात कच्चा निघाला, तर एकोणचाळीस जणांचं काय?

तिने ते लाकूड दोन्ही हातांनी आत सारलं. जाळ भडकला.

लोहाराने विचारलं, "सरदार, गेल्या लढाईत तुम्ही एकटेच पुढे धावलात. मागे राहिलेले अकरा जण शत्रूच्या तावडीत सापडले. या वेळी काय करणार?"

सरदाराचा पारा चढला. पळी गरागरा फिरू लागली, आणि कढीचा एक मोठा शिंतोडा थेट मिशीवर बसला. बायका पदराआड खुदुखुदु हसू लागल्या.

मग मागच्या रांगेतून पाटकरी उठला. गावाचं पाणी पाटापाटांतून शेतांना वाटून देणारा हा अबोल माणूस. "खिंडीतला झरा आटत चाललाय. दोन दिवसांचं पाणी उरलंय. तहान लागली की पोरं खाली उतरतील, म्हणून तर शत्रू नुसता बसून आहे. पाण्याचं काय करणार?"

"पाणी आटलं म्हणून गावभर सांगतोस?" सरदार गरजला. "फितूर आहेस तू! धरा रे याला!" आणि हातातली पळी त्याने पाटकऱ्यावर रोखली.

पळी हवेत आणि हंड्यात बुडबुड. मावशीने वाकून पाहिलं. "फुटली," ती म्हणाली.

सरदाराने हंड्याकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, आणि त्याची मान खाली गेली. पण शूर माणसाला लाज पचवायचंही धाडस असतं बरं! तो म्हणाला, "मी फोडली, तेव्हा पहिली वाटी माझी." एका दमात प्याला आणि असं तोंड केलं की सगळं गाव खो खो हसलं. मग हसत हसत, नाक धरून, सगळ्यांनी आपापली वाटी रिकामी केली.

"आता दुसरा हंडा चढवा," लोहार म्हणाला, "आणि पळी पाटकऱ्याला द्या."

पाटकरी नको नको म्हणत पुढे आला. जाळ तेवढाच ठेवला होता.

"तलवार चालवता येते?" विणकराने विचारलं.

"नाही," पाटकरी ढवळत म्हणाला. "ते काम सरदारांचं. त्यांच्याइतकं कुणालाच जमत नाही."

"शत्रूची भीती वाटते?"

"वाटते की. म्हणून तर रोज खिंडीत जाऊन बघून येतो."

मग ठकूमावशी उठली. "माझ्या लेकाला घरी आणशील?"

पाटकऱ्याने तिच्याकडे पाहिलं. पळी फिरतच होती. "नाही, मावशी. आज एकही माणूस हलवता येणार नाही. पण उद्या सूर्य मावळायच्या आत त्याच्यापर्यंत पाणी पोचवतो."

मावशीला रडू आलं आणि धीरही आला. तेवढ्यात पिवळ्याधमक कढीला उकळी आली, आणि चावडीवर एकच जल्लोष झाला.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव बांबू तोडायला लोटलं. सरदार सर्वांत जाड बांबू खांद्यावर घेऊन पुढे होता. बांबूची पन्हळ जोडत जोडत वरच्या तळ्याचं पाणी सूर्य मावळायच्या आत खिंडीत पोचलं.

शत्रू मात्र वाट बघत बसला होता. आठव्या दिवशी त्याने वर पाहिलं, तर खिंडीच्या कड्यावर चाळीस धुतलेली धोतरं वाळत होती आणि पोरं एकमेकांवर पाणी उडवत नाचत होती. "धोतरं धुण्याइतकं पाणी आहे यांच्याकडे!" राजा कपाळाला हात लावून म्हणाला. "हे तहानेने कधी खाली यायचे?" त्याच दुपारी त्याने तळ हलवला.

मावशीचा लेक घरी आला, तीन वाट्या कढी प्याला आणि म्हणाला, "आई, मीठ जरा कमी पडलंय." मावशीने त्याला पळीने एक ठेवून दिली, आणि मग पोटाशी धरून मनसोक्त रडली.

बाळगोपाळांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: संकटाच्या काळात पुढाऱ्याला प्रश्न विचारणं म्हणजे फितुरी नव्हे; ते प्रश्न ऐकतानाही ज्याचा हात कामावरून हलत नाही, त्याच्याच हाती आपली माणसं सोपवावीत.