पेटीमास्तरांनी चढवलेला सूर

एका गावात एक पेटीमास्तर होते आणि आपण नसलो तर देवाची स्तुती अडून राहील, अशी त्यांची पक्की समजूत होती.

गाव नदीच्या वळणावर होतं. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत एक छोटं दगडी देऊळ होतं. दर रविवारी मंडळी चटयांवर बसायची, पाळक म्हणजे तिथले धर्मगुरू शास्त्रपाठ वाचायचे आणि मास्तर पेटीवर सूर धरून गाणं सुरू करायचे. त्यांनी पुढे गायचं आणि सगळ्यांनी त्यांच्यामागून, असा तिथला रिवाज होता; त्यालाच गाणं सांगणं म्हणत. तरुणपणी मास्तरांचा आवाज खरोखर चांगला होता. आता तो घोगरा झाला होता, पण हे त्यांना सांगणार कोण?

मग त्या गावात एक शिंपीण राहायला आली. कपडे शिवून पोट भरणारी, कामापुरतं बोलणारी बाई. पहिल्याच रविवारी ती मागच्या चटईवरून गायला लागली आणि पुढच्या लोकांनी माना वळवल्या. महिनाभरात पाळकांनी तिला पेटीशेजारी बसवलं.

“मास्तर, गाणं आता ह्या सांगतील. तुम्ही पेटी सांभाळा. तुमच्या घशालाही जरा आराम,” पाळक म्हणाले.

मास्तर तोंडभर हसले. आराम मागितला होता कोणी, हे मात्र त्यांनी पोटातच ठेवलं, आणि तिथेच ते दुखायला लागलं. शिंपिणीचं कौतुक कानावर आलं की त्यांना जेवण गोड लागेना. ती गायला लागली की ते चुका शोधत बसायचे आणि चूक सापडली नाही की आणखी चिडायचे. एकदा घरी भाकऱ्या थापता थापता त्यांची बायकोच नव्या ढंगात गाणं गुणगुणू लागली.

“हे कुठून उचललंस?”

“शिंपीणबाईंकडून. किती सोपं करून सांगतात हो त्या.”

मास्तर अर्ध्या भाकरीवरून उठले.

मत्सराला त्यांनी सरळ मत्सर म्हटलं असतं, तर गोष्ट इथेच आटोपली असती. पण मास्तर पडले देवभीरू. ते रोज संध्याकाळी गुडघे टेकून म्हणायचे, “प्रभो, त्या बाईला नम्रता शिकव.” प्रभूने काही घाई केली नाही. तेव्हा हे काम आपणच करावं, असं मास्तरांनी ठरवलं.

येशूच्या पुनरुत्थानाचा सण जवळ आला होता. त्या दिवशी उपासना झाली की मंडळी हात वर करून वर्षभरासाठी गायनाचा पुढारी निवडायची. एरवी ही निवड नावापुरती असे, कारण मास्तरांखेरीज कोणाचं नावच पुढे येत नसे. यंदा मात्र पाणवठ्यावर, पारावर, जिथे तिथे शिंपिणीचं नाव निघत होतं.

सणाचं गाणं जुनं होतं, लहानथोरांना पाठ. ते खालच्या सुरात सुरू व्हायचं आणि शेवटच्या ओळीला, कबर रिकामी असल्याची बातमी येते तिथे, उंच चढायचं. मास्तरांनी त्या दिवशी पेटी नेहमीपेक्षा बरीच वरच्या पट्टीत धरली. पेटीतलं दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. सूर लावणं हे मास्तरांचं काम आणि मास्तरांवर सगळ्यांचा विश्वास.

सुरुवातीला कोणाला काही जाणवलं नाही. शेवटच्या ओळीला शिंपिणीचा आवाज चिरकला. तिने ती ओळ पुन्हा घेतली, तो पुन्हा चिरकला. समोर बसलेल्यांचेही आवाज फाटले, एकेक जण गप्प झाला आणि सणाचं गाणं मध्येच विझलं. अगदी पुढच्या चटईवर गावातली सर्वांत म्हातारी बाई बसली होती. ती ओळ दरवर्षी तिचाच आवाज सगळ्यांत आधी उचलायचा. ती गळ्यावर हात ठेवून खाली बघत राहिली.

“आपले मास्तरच बरे,” लोक आपसांत म्हणाले. “ते गाणं सांगत होते तेव्हा असं कधी झालं नव्हतं.” निवडीत सगळे हात मास्तरांसाठी वर गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर ज्येष्ठमधाच्या काड्या घेऊन शिंपिणीच्या घरी गेले. जिंकलेल्या माणसाला दयाळू होणं फार सोपं असतं.

“माझा घसाच दगा देतोय बहुतेक,” ती म्हणाली. “आता मी मागेच बसेन.”

“मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांनाच झेपतं असं नाही,” मास्तर म्हणाले आणि शीळ घालत घरी आले.

पुढच्या रविवारी त्यांनी पेटी नेहमीच्या पट्टीत धरली आणि पूर्वीसारखं गाणं सांगितलं. पण मागून आवाज येईना. लोक ओठ हलवत होते आणि गाण्याची उंच ओळ आली की तेही थांबत होते. मास्तरांना आधी वाटलं, आपलं गाणं मंडळी मन लावून ऐकते आहे. त्यात त्यांचे बरेच रविवार सुखात गेले. पुढे पुढे मात्र त्यांना स्वतःचाच घोगरा आवाज भिंतींवरून परत ऐकू यायला लागला. पावसाळा संपला तरी मंडळी गायला लागली नव्हती.

एके दिवशी उपासना सुटल्यावर त्यांनी म्हातारीला गाठलं.

“आजी, हल्ली गात नाही तुम्ही?”

“माझा आवाज गेला की, मास्तर. सणाच्या दिवशीच गेला. त्या ओळीपर्यंत पोचलेच नाही मी. म्हातारपण, दुसरं काय. नातीला निजवताना गायची, तेही सोडलं बघा. सगळ्यांचं गाणं बिघडवणाऱ्या बाईनं कशाला तोंड उघडावं?”

खरं सांगायला हीच वेळ होती, आणि जवळपास दुसरं कोणी नव्हतंही. मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

“वयोमानाप्रमाणे व्हायचंच, आजी,” ते म्हणाले आणि चालू लागले.

आतापर्यंत त्यांनी कपट केलं होतं ते आपल्या बरोबरीच्या बाईशी. आज ते त्या म्हातारीशी खोटं बोलले होते, आणि तिने तर त्यांचं काहीच घेतलं नव्हतं. घरी आल्यावर ते सवयीने गुडघे टेकून बसले, पण शिंपिणीच्या नम्रतेची प्रार्थना काही केल्या त्यांच्या तोंडून निघेना.

त्यानंतरच्या रविवारी पाळकांनी जो पाठ वाचला, तो लहानांना अडखळवणाऱ्यांविषयी होता. अशा माणसाच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं, हे कठोर वचन आलं, तेव्हा हे नेमकं कोणाला लागू पडतं म्हणून मास्तर सवयीने इकडेतिकडे बघू लागले. त्यांची नजर मागच्या चटईवरच्या शिंपिणीवरून फिरत पुढच्या चटईवरच्या म्हातारीवर आली आणि तिथून हलेना.

“लहान म्हणजे नुसती मुलं नव्हेत,” पाळक म्हणाले. “जो तुमच्यावर विसंबून चालतो, तो तुमच्या हातात लहानच असतो. आता मास्तर, गाणं घ्या.”

मास्तरांनी पेटीचा भाता उघडला. आयुष्यभर कमावलेलं नाव एका वाक्यात जाणार होतं, हे त्यांना कळत होतं. गाणं सुरू करणं किती सोपं होतं. त्यांनी सणाच्या गाण्याची पहिली ओळ नुसती वाजवली. मग तीच ओळ वरच्या पट्टीत वाजवली.

“पहिला सूर तुमचा,” ते म्हणाले. “दुसरा मी सणाच्या दिवशी लावला होता. मुद्दाम लावला. ह्या बाईचं कौतुक मला बघवत नव्हतं. तुमच्यापैकी कोणाचाही गळा बिघडलेला नाही.”

मग शिंपीण उठून उभी राहिली.

“माझा आवाज फाडलात आणि वर मलाच ज्येष्ठमध आणून दिलात?”

मास्तरांनी मान खाली घातली. “चुकलो. मला क्षमा करा.”

“करीन,” ती म्हणाली. “प्रभूनं करायला सांगितलेलीच आहे. पण आज नाही जमणार.”

पाळकांनी मंडळीला विचारलं आणि मंडळीने पुढारीपण तिथल्या तिथे काढून शिंपिणीला दिलं. तिने ते घेतलं, पण मास्तरांकडे पाहिलं नाही. पेटी वाजवणारं गावात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मास्तर पेटी घेऊन भिंतीकडेला सरकले.

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, “म्हणजे माझा आवाज गेला नव्हता?”

“नाही, आजी. मी तो घालवला होता.”

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. “एवढ्या दिवसांत माझी नात गाण्यावाचून झोपायला शिकली रे,” ती म्हणाली.

मास्तरांचे डोळे भरून आले. सवयीने त्यांचा हात पेटीवर गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

“आजी, आधी तुम्ही गा,” ते म्हणाले. “तुम्हाला जिथे सोसेल तिथे मी पेटी धरतो.”

म्हातारीने घसा खाकरला आणि कापऱ्या आवाजात, अगदी खालून, सणाचं गाणं सुरू केलं. मास्तरांनी कान देऊन तिचा सूर शोधला आणि हलकेच पेटी धरली. शिंपिणीने त्याच सुरात आपला आवाज मिसळला. मग मागच्या चटया गाऊ लागल्या. शेवटची ओळ आली आणि सगळे तिथपर्यंत पोचले.

तात्पर्य: पुढाऱ्याने सर्वांत थकलेल्या गळ्याला सोसेल असाच सूर धरावा. एकाला पाडायला चढवलेला सूर आधी दुबळ्यांचा आवाज हिरावून घेतो, आणि चूक कबूल केली तरी त्यांचे गेलेले दिवस परत येत नाहीत.