निसटलो म्हणणारा राजा

एका राज्यात, जिथे नदी डोंगर चढून जाई आणि कुणी त्याचे नवल करीत नसे, एक जुनी रीत होती. संकटातून परतलेल्याने पाय धुण्याआधी वेशीवरच्या काळ्या शिळेवर उभे राहायचे आणि आपण कसे परतलो, ते एका वाक्यात सांगायचे. कोळी सांगे, "मगरीने पाय धरला, भावाने ओढून काढले." धनगर सांगे, "वाघ दिसला, मी पळालो." पळालो म्हणणाऱ्याला तिथे कुणी हसत नसे. पळणे हे पाप नव्हे. पळून येऊन लढलो म्हणणे, हे पाप. शंभर पिढ्यांत त्या शिळेवरून खोटा शब्द निघाला नव्हता. याचा त्या लोकांना फार अभिमान होता, आणि तो रास्त होता.

त्या राज्याचा राजा प्रतापधवल. जादूगार अजंगाच्या गुहेत शापित खजिना आहे, असे त्याने ऐकले. खजिन्याला हात लागला की गुहेचे दार खाली येई. राजा गेला. सोबतीला एकच माणूस, कोंडाजी दोरवळ्या. राजाने सोन्याला हात लावला आणि दार कोसळले. कोंडाजीने दाराखाली खांदा दिला. राजा सोने टाकून त्याच्या पायांमधून रांगत बाहेर आला आणि घोड्यावर बसला.

वेशीवर चौघडा वाजत होता. भाट रांगेने उभे होते. राजा शिळेवर चढला आणि म्हणाला, "मी अजंगाच्या गुहेतून निसटलो."

त्याच क्षणी राज्यातली प्रत्येक गोष्ट अडकली. कड्या निघेनात, गाठी सुटेनात, नावा काठ सोडीनात. राणीचे दिवस भरून गेले, पण मूल बाहेर येईना. आणि तिकडे गुहेचे दार खांद्यावर पेलून उभा असलेला कोंडाजी पायांपासून दगड होऊ लागला, रोज वीतभर.

भाटांनी त्या 'निसटलो' वर एकवीस कवने रचली. एकानेही विचारले नाही की कोंडाजी कुठे आहे. विचारले ते त्याच्या लेकीने. तिचे नाव धुरपा.

"महाराज, माझे बाबा?"

"मागे राहिले."

"राहिले, की ठेवले?"

राजा पाठ फिरवून महालात निघून गेला. धुरपाने बापाने वळलेला दोर खांद्यावर टाकला आणि ती अजंगाकडे गेली.

अजंग गुहेबाहेर मधमाश्यांची मोट बांधत बसला होता. तो म्हणाला, "तुझ्या बापाशी माझे वैर नाही. मी जादूगार आहे, लबाडही आहे. पण तुमच्या शिळेवरचा खोटा शब्द माझ्या दाराच्या घशात अडकला आहे. तीन संकटांतून परत ये. प्रत्येक वेळी कशी आलीस, ते सांग. तिन्ही वाक्ये खरी निघाली, तर उपाय सांगेन."

पहिल्या दिवशी त्याने तिला वणव्याच्या दरीत सोडले. संध्याकाळी ती परतली.

"वारा फिरला, म्हणून मी वाचले."

"काही युक्ती केली असशील की!"

"केली नाही. वारा फिरला."

दुसऱ्या दिवशी शंभर डोळ्यांच्या नागासमोर उभे केले. ती दुपारीच परतली, एका पायात वहाण नव्हती.

"मी पळाले."

"नागाशी चार शब्द तरी बोललीस?"

"वहाण घ्यायलासुद्धा थांबले नाही."

तिसऱ्या दिवशी त्याने तिला बुडत्या वाळूत टाकले. वाळू गळ्याशी आली, तेव्हा वरून एक धनेश पक्षी ओरडला, "अगं, दोर फेक की! बघत काय बसलीस?" तिने दोर फेकला. धनेशाने तो चोचीत धरला आणि पंख मारमारून तिला बाहेर ओढले.

"किती जड गं तू!" धनेश धापा टाकत म्हणाला. "दोर कुणी वळला?"

"माझ्या बाबांनी."

"तरीच तुटला नाही."

अजंग वाटेतच उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "एक शब्द बदल. आपल्या बळावर निसटले, असे म्हण. तुझ्या बापाला आत्ता सोडतो."

धुरपाने गुहेकडे पाहिले. दगड बापाच्या छातीपर्यंत चढला होता. तिचे डोळे भरले, पण मान खाली गेली नाही.

"मला धनेशाने सोडवले," ती म्हणाली. "दोरवळ्याची लेक आहे मी. ज्याने वर ओढले, त्याचे नाव मी गिळणार नाही."

अजंग हसला आणि त्याने वाट दिली. "तिन्ही खरी. आता उपाय ऐक. ज्याने खोटे सांगितले, त्याने इथे दारासमोर, लोकांदेखत खरे सांगावे."

राजाला आणणे त्या तिन्ही संकटांहून अवघड होते. "लोक काय म्हणतील?" तो म्हणाला.

"लोकांना ठाऊक आहे, महाराज. पाठीवर ओरखडा नाही आणि गुडघे तेवढे सोललेले. दार कुणी धरल्याशिवाय असा कुणी दाराखालून निसटतो का?"

आतून राणीचे कण्हणे ऐकू आले. राजा उठला. सारा गाव त्याच्या मागून गुहेशी गेला.

राजा दारासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी संकटातून बचावलो."

दगड बोटभर चढला.

"मी... दैवाने वाचलो."

दगड कोंडाजीच्या हनुवटीला टेकला.

"महाराज," कोंडाजी दगडातून हळूच म्हणाला, "लवकर ठरवा. खांदा अवघडलाय."

तेव्हा राजाने मुकुट काढला. त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला. "कोंडाजीने मला सोडवले. आणि मी त्याला टाकून पळालो."

दगड वाळलेल्या चिखलासारखा गळून पडला. राजा धावला, दाराखाली स्वतःचा खांदा दिला, आणि कोंडाजी चालत बाहेर आला. मग दोघांनी मिळून दार सोडले, तशी जमीन हादरली. गावातल्या गाठी सुटल्या, नावा पाण्यात सरकल्या, आणि राणीच्या महालातून तान्ह्याचे रडणे थेट डोंगरापर्यंत आले.

भाट पुढे सरसावले, नवे कवन तयारच होते. धुरपाने हात आडवा केला.

"आज गाऊ नका. आज लोकांना बघू द्या."

लोकांनी पाहिले. कोंडाजीचे पाय अजून थरथरत होते. राजाने त्याला पाठीवर घेतले आणि भर दुपारी, उघड्या डोक्याने, साऱ्या राज्यातून चालत त्याच्या घरी नेऊन पोहोचवले. त्या राज्यात पुढे पुष्कळ राजे झाले, आणि राज्याभिषेकाच्या दिवशी प्रत्येकाने आधी दोरवळ्यांच्या आळीत जाऊन मान लववली.