सायाळीचा अर्ज

जंगलात कायदे होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. प्राण्यांची शाळा उंच खडकावर भरायची. ज्या पिल्लाला चढता येत नाही, त्याच्यासाठी शाळेने मातीचा उतार बांधून द्यावा, असा कायदा होता.

सायाळीच्या पिल्लाचे मागचे पाय जन्मापासून लुळे होते. तिने खालून हाक मारून उतार मागितला.

मुख्याध्यापक वानर वरून म्हणाले, "कायदा तुमच्याच बाजूने आहे, बाई. फक्त अर्ज विद्यार्थ्याने स्वतः वर आणून द्यायचा. तशी पद्धत आहे."

सायाळीच्या पाठीवर काटे. पिल्लाला पाठीवर घेणार कशी? पिल्लू अर्ज तोंडात धरून पुढच्या पायांवर अंग ओढत निघालं. सकाळी निघालेलं, ते दुपार कलल्यावर पोचलं. पोट सोलून निघालं होतं.

वानरांनी अर्ज वाचला, पिल्लाकडे पाहिलं आणि शेरा लिहिला: 'अर्जदार स्वतः चढून आला. उताराची गरज नाही.'

शाळा सुटली. सगळी पिल्लं उड्या मारत खाली गेली. वानरही गेले.

पिल्लाने कडेवरून खाली पाहिलं. उतार जिथून सुरू होणार, तिथले दगड आई बाजूला करत होती.