ताज्या पावाचं पुडिंग

फार पूर्वीची गोष्ट. पण तेव्हा चर्चच्या मनोऱ्यावर घड्याळ बसलेलं होतं, म्हणून वेळ नक्की सांगता येते. नाताळचा आदला दिवस, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. खाडीकाठच्या एका गावात, चर्चच्या अंगणात, चार माणसांनी तांब्याचं मोठं पातेलं परातीवर उपडं घातलं. आतून पुडिंग निघायला हवं होतं. निघाली पांढरी लापशी. ती परातीच्या काठावरून वाहिली, पायऱ्या उतरली आणि अंगणातल्या कोंबड्यांपाशी जाऊन थांबली. कोंबड्यांनीसुद्धा ती खाण्याआधी जरा विचार केला.

चुलीपाशी एक बाई उभी होती. सारा गाव तिला मावशी म्हणायचा. तिच्या हातात ढवळायचा लांब लाकडी डाव होता. तिच्या आधी तो तिच्या सासूच्या हातात होता. पस्तीस नाताळ तिनं हे पुडिंग लावलं होतं आणि एकदाही ते असं वाहून गेलं नव्हतं. गावाचा रिवाज होता की ज्याच्या हातून पुडिंग बिघडेल त्यानं डाव खाली ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा नाही. मावशीनं डाव घट्ट धरला होता.

हे पुडिंग कुणा एका घराचं नसायचं. नाताळच्या चार आठवडे आधी, एका रविवारी, प्रत्येक घर आपल्या भट्टीतल्या पावांपैकी एक पाव बाजूला काढायचं. त्याचे काप करून कौलांवर उन्हात वाळवायचे आणि डब्यात भरून ठेवायचे. नखानं वाजवला की काप टणटणला पाहिजे. नाताळच्या आदल्या दिवशी सगळे डबे अंगणात यायचे, सगळ्यांचे काप एका पातेल्यात पडायचे, वर दूध, अंडी, मनुका, जायफळ. मग पातेलं वाफेवर चढायचं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या ताटलीत एक वडी आणि तिच्यावर गोड रस, माडाचा गूळ नारळाच्या दुधात आटवून केलेला. आपल्या वडीत कुणाच्या घरचा पाव आला हे कुणालाच कळायचं नाही. ज्याच्याकडे पाव नसेल तोही त्याच पंगतीला बसायचा.

मावशीला या सगळ्यात एक गोष्ट पस्तीस वर्षांत जुनी झाली नव्हती. वाळलेला काप दुधात सोडला की आधी तो तरंगतो. मग थांबतो, जणू काही आठवतोय. मग प्यायला लागतो. आपल्या वजनाच्या तिप्पट दूध पितो, जड होऊन तळाशी जातो, आणि तरी आपला आकार सोडत नाही. हे पाहताना ती दर वर्षी बोलायची थांबायची. शेजारच्या बायका हसायच्या, म्हणायच्या, मावशी चर्चमधल्यासारखी पावाची मिस्सा ऐकतेय.

या वर्षी मात्र वेगळं घडलं. चार आठवड्यांपूर्वी, त्याच रविवारी, मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर गावकारानं सगळ्यांना अंगणात थांबवलं. गावकार म्हणजे गावाचा प्रमुख. नाताळच्या जेवणाला बंदराचे सुभेदार होडीनं येणार आहेत, असं त्यानं सांगितलं. एवढा मोठा माणूस येणार आणि आपण त्याला गावभरची वाळकी खापरं खाऊ घालणार? या वर्षी प्रत्येक घरातून ताजा, मऊ, पांढराशुभ्र पाव आला पाहिजे. शिळा तुकडा दिसला तर परत पाठवीन. आणि पातेल्याला नवी कल्हई करून देतो, सुभेदारांना मावशी स्वतःच्या हातानं वाढतील, हेही त्याच दमात सांगितलं.

ताजा पाव दूध पीत नाही, त्यात विरघळतो, हे मावशीला ठाऊक होतं. ओठांवर आलंही होतं. पण कल्हईसाठी ती सहा वर्षं गावकाराच्या पायऱ्या झिजवत होती, आणि सुभेदाराला वाढायचं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. तिनं ते शब्द गिळले. मनाशी म्हणाली, अंडी जास्त घालू, आच मंद ठेवू, निभेल.

निभलं नाही. आता परातीत, पायऱ्यांवर आणि कोंबड्यांच्या पायांत ते दिसत होतं.

गावकार पुढे आला. त्यानं लापशीत बोट बुडवलं, चाखलं आणि जाहीर केलं की दुधात पाणी होतं.

दूध घालणारा गवळी तिथंच उभा होता. तो खाडीपलीकडचा, दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या गावचा. त्याच्या चार म्हशी होत्या आणि त्यांचं सगळं दूध याच गावात जायचं.

"गावकार," तो म्हणाला, "वीस वर्षं तुम्ही याच दुधाचा चहा पिताय. पाणी आजच दिसलं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं गावकार जास्तच पेटला. उद्यापासून या माणसानं खाडी ओलांडायची नाही, असं त्यानं सुनावलं, आणि मावशीकडे वळून विचारलं, "काय मावशी, दूध पातळ होतं ना?"

मावशीला फक्त मान हलवायची होती. तोंडानं खोटं बोलायचीही गरज नव्हती. खोटं दुसऱ्यानंच बोलून ठेवलं होतं, तिनं नुसतं त्याच्या सावलीत उभं राहायचं होतं. डाव हातातच राहिला असता. सासूचं नाव राहिलं असतं. गवळी तिच्याकडे बघत नव्हता. तो आपली रिकामी चरवी पुसत होता, आधीच पुसलेली.

"दूध चांगलं होतं," मावशी म्हणाली. "पाव ताजा होता. ताजा पाव दूध पीत नाही. हे मला त्या रविवारीच ठाऊक होतं, आणि मी बोलले नाही."

"मग तेव्हा काय दातखीळ बसली होती?" गावकारानं विचारलं.

"हो," मावशी म्हणाली. "पातेल्याला कल्हई मिळत होती ना."

या वेळी कुणी हसलं नाही. मावशीनं डाव पदरानं पुसला, चर्चच्या पायरीवर ठेवला आणि मागे सरली. रिवाज तो रिवाज. गावकारानं डाव उचलून आपल्या सुनेच्या हातात दिला. ती वर्षभरापूर्वीच लग्न होऊन आलेली, तिनं या पातेल्यात कधी साधं डोकावलंही नव्हतं.

पण ढवळणार काय? उद्या दुपारी सुभेदाराची होडी लागणार होती आणि गावात वाळलेला पाव असायचं कारण नव्हतं. कुणी म्हणालं, भट्टीत घालून कडक करू. गावच्या भट्टीवाल्यानं हात झटकले. घाईनं भाजलेला पाव वरून खापर होतो आणि आत ओला तो ओलाच, पुन्हा कोंबड्यांचीच मेजवानी.

एवढ्यात मावशी घरी जाऊन परत आली. तिच्या काखेत पत्र्याचा डबा होता. तिनं झाकण काढलं, एक काप उचलला आणि नखानं वाजवला. तो टणटणला. त्या रविवारी सभेतून घरी गेल्यावर हात सवयीनं सुरीकडे गेला आणि पाव कापला गेला, असं तिनं सांगितलं. हुकूम मोडायचा म्हणून तिनं तो कापला नव्हता. पण टाकवतही नव्हता.

गावकारानं डब्यात डोकावून पाहिलं. "एवढ्यात सुभेदारांच्या मांजराचंही व्हायचं नाही," तो म्हणाला.

मग समोरच्या घरातली एक म्हातारी घरात गेली आणि डबा घेऊन आली. पोरं दुधात बुडवून खातील म्हणून ठेवले होते, असं तिनं कुणी न विचारताच सांगून टाकलं. सुताराची बायको आली. तिनं म्हणे कोंबड्यांसाठी वाळवले होते. भट्टीवाला स्वतः पोतडी घेऊन आला. ती माळ्यावर कशी राहिली, त्याला काही कल्पना नव्हती. मग कारणं सांगायचंही लोकांनी सोडून दिलं. गल्ल्यांतून माणसं येत राहिली, पदराखाली, टोपलीत, काखेत डबे घेऊन, मान खाली घालून. चर्चच्या पायऱ्यांवर डब्यांची रांग लागली, ती ओट्यावर चढली, ओट्यावरून विहिरीपर्यंत गेली.

फादर दारात येऊन उभे राहिले होते. सगळं आयुष्य त्यांनी या लोकांची पापं ऐकण्यात घालवलं होतं, पण सारा गाव एकाच वेळी, भर उन्हात, डबे घेऊन कबुलीला आलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सगळ्यात शेवटी गावकाराची सून घरात जाऊन आली. तिच्या हातात एक निळा डबा होता, सगळ्यांत मोठा. सासऱ्याकडे न पाहता तिनं तो रांगेत ठेवला.

अठ्ठावन्न घरं आणि अठ्ठावन्न डबे.

सूनबाईनं डाव उचलला, पातेल्यापाशी गेली आणि तशीच वळून पायरीवर बसलेल्या मावशीजवळ आली. "मावशी, मला यातलं काही येत नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं करते."

मग मावशी पायरीवर बसून सांगत गेली आणि सून करत गेली. गवळ्यानं होडी पिटाळून पलीकडून दुसऱ्या धारेचं दूध आणलं. अठ्ठावन्न घरांचे काप पातेल्यात पडले, कुणाचा गव्हाळ, कुणाचा काळपट, कुणाचा कोपरा जळलेला. वरून दूध पडलं. काप तरंगले. थांबले.

"आता बोलू नका," मावशी म्हणाली.

अंगणात दीडशे माणसं होती. सगळी गप्प झाली. आणि त्या शांततेत पातेल्यातून आवाज येऊ लागला, बारीक, सुसणारा, चुरचुरणारा. पाव दूध पीत होता. हा आवाज पातेल्यातून दर वर्षी येत असणार, पण दर वर्षी गावाच्या बडबडीत तो कुणाला ऐकू गेला नव्हता. लहान मुलं आयांच्या कमरेला बिलगून ऐकत राहिली. एका म्हाताऱ्या खलाशानं छातीवर क्रूस काढला.

नाताळच्या दिवशी पहाटे पातेलं वाफेवर चढलं. भर दुपारी, सुभेदारासमोर, चौघांनी ते परातीवर उपडं घातलं आणि अलगद वर उचललं. या वेळी पुडिंग उभं राहिलं. कमरेइतकं उंच, मधाच्या रंगाचं, बाजूंनी कापांचे थर दिसत होते, जसे ओहोटीला खडकाचे दिसतात. वाफ सरळ वर गेली. ते एकदा सबंध थरथरलं आणि स्थिर झालं. मग सुनेनं वरून रस ओतला. माडाच्या गुळाचा काळाभोर रस माथ्यावर क्षणभर साचला आणि चारी बाजूंनी, प्रत्येक थरापाशी थोडा थोडा रेंगाळत, खाली उतरला. ज्यांनी जन्मभर हे पाहिलं होतं तेसुद्धा आज पहिल्यांदा पाहिल्यासारखे उभे होते.

सुभेदारानं एक घास खाल्ला. मग विचारलं, हे कुणाच्या हातचं?

"माझ्या सुनेच्या," गावकार म्हणाला.

"मी नुसतं ढवळलं," सून म्हणाली. "केलं मावशींनी."

सुभेदारानं मान वळवून मावशीला पाहिलं, उठून तिला नमस्कार केला आणि दुसरी वडी मागितली.

गवळ्याची होडी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला खाडी ओलांडून आली. मावशीच्या दाराशी त्यानं चरवी रिकामी केली आणि म्हणाला, "मावशी, आज म्हैस आजारी आहे, दूध जरा पातळ आहे. आधीच सांगून ठेवतो बरं का." मावशी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली. पुढे दर नाताळला गावकाराची सून पातेल्याशी उभी राहायची, आणि मावशी येऊन पहिला काप नखानं वाजवेपर्यंत चूल पेटवायची नाही. डाव मात्र मावशीला कुणी परत दिला नाही. तो द्यावा असं सभेत कुणी सुचवलंही नाही.

आता जे उरतं ते एवढंच आहे. कौलांवर न टाकता घरात लपवून वाळवायचा, तर पावाला चार आठवडे लागतात. अठ्ठावन्न डब्यांतला प्रत्येक काप टणटणत होता. म्हणजे प्रत्येक घरानं त्याच रविवारी, हुकूम ऐकून घरी गेल्या गेल्या, पाव कापला होता. गावकाराच्या घरानंही.

तात्पर्य: ठाऊक असून गप्प बसणं हेही खोटं बोलणंच, आणि ते सगळ्यांनी मिळून केलं म्हणून खरं होत नाही. त्या रविवारी अठ्ठावन्न घरं गप्प बसली, कबुली एका घरानं दिली, डाव एकीचाच गेला. उरलेल्या सत्तावन्न घरांचा जबाब अजून यायचा आहे.