टेहळणीच्या फांदीवरचा आरसा

माणसं अजून रानाच्या कडेकडेनेच फिरत होती, तेव्हाची गोष्ट. वानरांच्या एका टोळीला वाटेत पडलेला आरसा सापडला. पोरं दिवसभर त्यातच तोंड घालून बसू लागली. तेव्हा टोळीच्या हुप्प्याने कुणालाही न विचारता आरसा उचलला आणि उंबराच्या शेंड्याला, टेहळणीच्या फांदीवर नेऊन ठेवला. तिथे फक्त थोरांनीच बसायचं असे.

वयात येणारी झिपरी खालच्या फांदीवर फुरंगटून बसली होती. तेवढ्यात झुडपातून बिबट्या सरकताना तिला दिसला. तिने वर पाहिलं. टेहळणीला तिची आई होती, आणि आई आरशात दात न्याहाळत होती!

झिपरी जिवाच्या आकांताने ओरडली. सगळे भराभर वर चढले. बिबट्या उपाशीच परतला.

"पोरी, वाचवलंस," हुप्प्या म्हणाला.

"कौतुक राहू द्या!" झिपरी कडाडली. "आम्ही बघितलं तर बिघडलो, आणि तुम्ही बघितलं तर ती राखण? नियम करताना आम्हाला विचारलंत? आता सगळे मिळून ठरवू, आणि सगळ्यांसाठी ठरवू!"

हुप्प्याने सरकून तिला टेहळणीच्या फांदीवर जागा दिली. आईचा हात मात्र सवयीने आरशाकडे गेला.

"आई!"

आईने आरसा पालथा घातला, लेकीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "बोल."