बिनजाळीचा टाका

"मग जाळी न घालता शिवायचं कसं, सर? तेवढं तरी दाखवा."

नेर्लेकर सर खाटेवर बसले होते. हातातला कप थरथरला, तसा तो त्यांनी बशीत ठेवला.

"आता विचारतोस होय, श्रीरंग?"

डॉ. श्रीरंग कोलते आता स्वतः सर्जन होता. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सारा जिल्हा त्याचं नाव घेई. मिरजेला सरांच्या हाताखाली शिकत असताना सरांनी एकदा त्याला ऑपरेशनच्या टेबलापाशी थांबवलं होतं. "जाऊ नकोस, हा टाका बघून जा." हर्नियाच्या जागी प्लॅस्टिकची जाळी न बसवता माणसाच्या स्वतःच्याच स्नायूंचे थर एकावर एक चढवून शिवायची ती जुनी रीत. "जाळी असताना आता हे कोण करत बसणार, सर?" तो म्हणाला होता. सगळं थिएटर हसलं होतं. थोडेसे सरही...

"अडलंय कुठं?" सरांनी विचारलं.

"इसाक शिकलगार म्हणून एक फरशी बसवणारा आहे. त्याला मी जाळी घातली, नेहमीची, कायमची. तेव्हापासून उकिडवं बसलं की जांघेत कळ येते म्हणतो. काम सुटलंय त्याचं. आता धाकट्या भावाला, यासीनला, हर्निया निघालाय. तो म्हणतो, जाळीशिवाय जमत असेल तर हात लावा, नाहीतर राहू दे तसंच. वर तोंडावर म्हणाला, डॉक्टरसाहेब, जाळी मासे धरायला ठेवा."

सर खुदकन हसले. "बरा आहे की पोरगा."

"विरघळणारी जाळी सुचवली मी. पण ती विरल्यावर आतलं किती टिकेल, कुणी छातीठोक सांगत नाही. म्हणून म्हटलं, तुमचा टाका..."

"माझा टाका सुटायचा रे. सगळ्यांचा नाही, पण सुटायचा. लोक शिव्या घालत परत यायचे, मी पुन्हा उघडायचो. जाळी आली तेव्हा मीच पेढे वाटले होते. तुझे किती आले परत?"

"एकही नाही." श्रीरंगचा आवाज नकळत चढला.

"आणि इसाक?"

"त्याचा हर्निया परत आलेला नाही, सर. सोनोग्राफी स्वच्छ आहे. मी दर वेळी सांगितलं त्याला तसं."

"दर वेळी..."

सर एवढंच म्हणाले. मग खाटेचा कठडा धरून उभे राहिले. लुंगीची गाठ सैल केली.

"ये. हात ठेव."

उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा होता. श्रीरंग चपापला.

"सर! हे कधीपासून? कुणाला दाखवलंत?"

"तुला दाखवतोय. बोलू नकोस, तपास."

तो गुडघ्यांवर बसला. बोटं टेकवली. सर खोकले. बोटांखाली फुगवटा उसळला. त्याने तो हलकेच दाबला, आत सरकवला. सर पुन्हा खोकले...

"सांग."

"आत जातो. अडकलेला नाही. वाट दोन बोटं रुंद." पटापट उत्तरं देताना त्याला जुन्या दिवसांसारखं बरं वाटलं.

"बरोबर. मला दुखलं का?"

श्रीरंगने वर पाहिलं.

सरांचा चेहरा शांत होता. पण हा आत्ताचा चेहरा. दाबताना कसा होता?... ते त्याला सांगता येईना. त्याने पाहिलाच नव्हता.

त्याने इसाकचा चेहरा आठवून बघितला. जखमेचा व्रण आठवला, सुरेख भरलेला. पडद्यावरची सोनोग्राफी आठवली. केबिनचं दार लोटून जाणारी पाठ आठवली. चेहरा काही डोळ्यांपुढे येईना...

"इसाकची जाळी काढता येईल, सर?"

"येईल. तिच्यात मांस भरलंय, तेही थोडं निघेल. कळ जाईलच असं नाही." सरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "टाका शिकवीन. हात हलतात माझे, तोंडानं सांगेन. यासीनला विचारून घे, सुटू शकतो हे त्यालाही कळू दे."

 श्रीरंग तसाच गुडघ्यांवर होता.

"सर... पुन्हा एकदा खोका. या वेळी नीट बघतो."

सरांनी लुंगीची गाठ घट्ट मारली.

"मला दुखत नाही, श्रीरंग."