पिशवीतली मोहर

अंतरपाट धरायची वेळ झाली आणि नवरदेवाच्या काकांनी, तात्यासाहेबांनी, सोन्यातच खोट काढली! साखरपुड्याला नवरीच्या आईने, द्वारकाबाईंनी, लेकीसाठी सोन्याच्या पाच पुतळ्या दिल्या होत्या. दोन्ही घरांचं सोनं लग्नापर्यंत एकत्र ठेवायची रीत, म्हणून तात्यासाहेबांनी त्यांत आपल्या पणजीची सोन्याची मोहर घालून सगळं मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. आज पाहतात तो पुतळ्यांवर हिरवा, चिकट थर!

"तांबं आहे हे! असल्या घरची सून आम्हाला नको," तात्यासाहेब गरजले.

द्वारकाबाईंनी पिशवीत हात घातला आणि मूठ मिटूनच विचारलं, "तात्यासाहेब, तुमची मोहर तरी खरी ना?"

"म्हणजे काय! शंभर नंबरी सोनं आहे आमचं!"

द्वारकाबाईंनी मूठ उघडली. मोहरही हिरवीगार झाली होती.

तात्यासाहेबांनी ती झडप घालून घेतली आणि उपरण्याने खसाखसा पुसली. थराखालून पिवळंधमक सोनं लकाकलं.

"आता आमच्याही पुसा," द्वारकाबाई म्हणाल्या, "थर त्या प्लॅस्टिकचा आहे. पिशवी बदला, तात्यासाहेब. सून कशाला बदलताय?"